एडिटरला फंक्शन कळतं का, ते आधी बघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कंट्रोलर बनवणाऱ्या एका कारखान्यात नुकत्याच लागलेल्या, निपाणीकडच्या एका इंजिनिअरचा प्रश्न आहे: "सर, साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा कोड माझ्या गळ्यात पडलाय. सी भाषेतला आहे. मुख्य फाइल आठ-नऊ हजार ओळींची, बाकी वीसेक लहान फाइली. लिहिणारा माणूस पुण्याला गेला. एका फंक्शनमधून दुसऱ्यात जायचं तर माउसचं चाक फिरवत बसतो, आणि परत यायला पुन्हा तेवढंच फिरवतो. कोड लिहायला-वाचायला एडिटर म्हणून ऑफिसात विंडोजवर व्हीएस कोड आहे, काट्याच्या केबिनमधल्या लिनक्स मशिनवर नुसतं व्हिम. तिथं नेट नसतंच. काय सेटिंग करू, सांगा की."

सेटिंग सांगतोच. पण बटणांची यादी पाठ करून तुमचं काम होणार नाही. एकच बटण एका फाइलमध्ये बरोबर जागी नेतं आणि दुसऱ्या फाइलमध्ये भलतीकडे सोडतं. असं झालं की माणूस वैतागून पुन्हा माउसकडे वळतो. त्यामागचं कारण समजून घ्या. फंक्शन म्हणजे एक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा; पण एडिटर 'फंक्शन' कशाला म्हणतो, हे ठिकठिकाणी वेगळं असतं. कुठे तो नुसता मजकूर बघतो: डावीकडे अगदी कडेला { दिसला, म्हणजे फंक्शन. कुठे त्याच्याकडे आधी करून ठेवलेली नावांची यादी असते. कुठे तो भाषेचं व्याकरण लावून फाइल वाचतो. आणि कुठे त्याच्या मागे एक वेगळा प्रोग्राम चालू असतो, ज्याला कोड जवळजवळ कंपायलरइतका कळतो. यातलं कोण उत्तर देतंय हे ओळखता आलं, की उडीवर किती भरवसा ठेवायचा ते आपोआप कळतं.

लिहिण्याबद्दल एक सूचना. बटणांची नावं मी उच्चाराप्रमाणे देतोय. कंट्रोल-ओ म्हणजे कंट्रोल दाबून ठेवून ओ.

केबिनमधल्या व्हिमपासून सुरुवात करू. पुढच्या फंक्शनवर जायला ]] आणि मागच्यावर जायला [[, हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. खरं म्हणजे ही बटणं पहिल्या रकान्यातल्या { वर जातात. बिल जॉयनं १९७६ मध्ये व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहायला घेतलं तेव्हापासूनची ही रीत. त्या काळातलं सी तसंच लिहिलं जायचं, फंक्शनचा कंस नव्या ओळीवर, अगदी डावीकडे. तुमच्या कोडमध्ये कंस फंक्शनच्या नावाच्याच ओळीवर शेवटी असेल, तर ]] त्या फंक्शनला सरळ ओलांडून जाईल. फाइलमध्ये दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतील, आणि दोन-तीन हातांतून गेलेल्या कोडमध्ये त्या असतातच, तर काही फंक्शनांवर थांबेल, काहींवर नाही. व्हिम बिघडलेलं नसतं. त्याला सांगितलेली खूण तिथं नसते, एवढंच.

यावर दोन उपाय. पहिला तात्पुरता, पण मला फार आवडतो: तुम्ही कुठल्याही इफच्या, स्विचच्या पोटात कितीही खोल असा, ९९[{ दाबा. [{ म्हणजे 'मला वेढणाऱ्या कंसाच्या सुरुवातीला ने'. आकडा मोठा दिला की तो सगळ्यात बाहेरच्या कंसापर्यंत, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीपर्यंत जातो. कंस कुठल्या रकान्यात आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुसरा उपाय कायमचा: व्हिममध्ये :हेल्प सेक्शन उघडा. कंस पहिल्या रकान्यात नसेल तर [[ आणि ]] कशी वळवायची, याची चार मॅपिंग तिथंच छापलेली आहेत. ती उतरवून घ्या. क्लँग-फॉरमॅट हे कोडची मांडणी आपोआप बदलणारं साधन चालवून सगळे कंस एका पद्धतीत आणायचा मोह होईल. गाळप चालू असताना दुसऱ्याच्या कोडला हा हात लावू नका. एका ओळीचा बदल शोधायला गेलात की आठ हजार ओळी बदललेल्या दिसतील.

पायथन असेल तर गोष्ट वेगळी. तिथं कंसच नाहीत, म्हणून व्हिमबरोबर येणारा पायथनचा फाइलटाइप प्लगइन (त्या भाषेपुरती सेटिंग लावणारी जोड) हीच बटणं डेफ आणि क्लासच्या ओळींकडे वळवतो. त्यासाठी प्लगइन चालू हवा आणि व्हिम पूर्ण हवं. डेबियन-उबुंटूवर सुरुवातीला मिळतं ते बहुधा कापलेलं, 'टायनी' व्हिम असतं. त्यात ना रंग, ना स्क्रिप्ट. :व्हर्शन टाइप करून एकदा खात्री करा आणि पुढच्या फेरीला पूर्ण व्हिमचं पॅकेज पेन ड्राइव्हवर घेऊन जा.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे. कर्सरखाली एका फंक्शनचं नाव आहे, ते लिहिलंय कुठे? याला टॅग फाइल. ऑफिसात प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून युनिव्हर्सल सीटॅग्ज हा प्रोग्राम रिकर्सिव्ह (आतले सगळे फोल्डर धरणारा) पर्याय देऊन एकदा चालवा. मूळ सीटॅग्ज बीएसडी युनिक्सच्या काळातलं, केन आर्नल्डचं. आज चालू असलेली शाखा ही युनिव्हर्सल. 'टॅग्ज' नावाची एक साधी मजकुराची फाइल तयार होते. उघडून बघा, त्यात गूढ काही नाही. प्रत्येक ओळीत नाव, ते कुठल्या फाइलमध्ये आहे, आणि तिथं पोचायला शोधायचा नमुना. बहुतेक नोंदींत ओळीचा क्रमांक न लिहिता नमुना लिहिलेला असतो, हे महत्त्वाचं. त्यामुळे तुम्ही वर पन्नास ओळी घातल्या तरी जुनी टॅग फाइल बरोबर जागा काढते. नवं फंक्शन लिहिलंत तर मात्र ते यादीत नसणार, पुन्हा चालवावं लागेल.

साइटसाठी यात सोयीची गोष्ट अशी, की सीटॅग्ज तिथं बसवायची गरजच नाही. यादी सापेक्ष पत्त्यांनी बनते आणि व्हिम ते पत्ते टॅग फाइल जिथं आहे तिथून मोजतं. कोडबरोबर ती फाइलही कॉपी करा, काम झालं. व्हिमच्या टॅग्ज पर्यायात ./टॅग्ज नंतर अर्धविराम टाकून ठेवा. म्हणजे आतल्या फोल्डरमधली फाइल उघडली तरी व्हिम एकेक पायरी वर चढत यादी शोधेल.

मग नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-] दाबलं की व्याख्येवर, आणि कंट्रोल-टी दाबलं की निघालात तिथं परत. उद्यमबागेत राहता, म्हणजे व्हीएमसीवर (संगणकानं चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) सबप्रोग्राम बघितला असाल. एम ९८ ने आत जायचं, एम ९९ लागला की बोलावणाऱ्या ओळीच्या पुढच्या ओळीवर परत, आणि सबप्रोग्रामातून आणखी आत गेलात तर तेवढ्याच पायऱ्यांनी बाहेर. टॅगची रास (स्टॅक) अगदी तशीच चालते. :टॅग्ज टाइप करा, तुम्ही कुठून कुठे उतरत आलात ते दिसेल. रास २० नोंदींची असते. त्यापेक्षा खोल उतरावं लागत असेल तर तो प्रश्न एडिटरचा राहत नाही.

परतीच्या वाटेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमची निम्मी तक्रार तीच आहे आणि शिकवणारे बहुतेक जण ती वगळतात. व्हिममध्ये परतीच्या दोन वह्या असतात. एक टॅगची, ती वर आली. दुसरी सगळ्या उड्यांची: कंट्रोल-ओ मागे, कंट्रोल-आय पुढे. पण उडी कशाला म्हणायचं हे ठरलेलं आहे. शोध घेतलात, फाइलच्या शेवटी गेलात, % ने जोडीच्या कंसावर गेलात, ]] दाबलंत, तर ती उडी, वहीत लिहिली जाते. खालचा बाण दाबत गेलात किंवा कंट्रोल-डी ने अर्धं अर्धं पान सरकलात तर काही लिहिलं जात नाही. म्हणून चाक फिरवून लांब गेलेल्या माणसाला कंट्रोल-ओ नेमकं तिथंच परत नेत नाही, आणि तो म्हणतो 'चालत नाही'. चाक सोडून / ने शोधत जायला लागा, परतीची सोय फुकट मिळते. दुसरी उपयोगी जोडी जी आणि ; ची. आधी जी, मग ; दाबलं की शेवटचा बदल जिथं केला होता तिथं. वाचत वाचत चार फंक्शनं फिरून आलं की माणसाला बहुधा हेच हवं असतं: मी लिहीत कुठे होतो? व्हीएस कोडमध्ये त्यासाठी कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-क्यू, आणि नुसतं मागे जायला ऑल्ट-डावा बाण.

खुणाही वापरा. एम आणि मग मोठं ए दाबून ठेवलेली खूण फाइली ओलांडून चालते. काट्याच्या कोडमध्ये मी तीन जागा नेहमी अशा धरून ठेवतो: मुख्य लूप, सिरियल पोर्टवरून वजन येतं ती जागा, आणि पावती छापली जाते ती.

ऑफिसातल्या व्हीएस कोडमध्ये चित्र बरंच बदलतं. २०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडएनव्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. आता भाषेचा सर्व्हर एकदा लिहायचा आणि एडिटरनं त्याला विचारायचं: याची व्याख्या कुठे, याला वापरतं कोण, या फाइलमध्ये कायकाय आहे. सी साठी क्लँगडी घ्या किंवा मायक्रोसॉफ्टचं सी-सीप्लसप्लस एक्स्टेन्शन. दोघांचं इंटेलिसेन्स (कोड समजून सूचना देणारा भाग) एकाच वेळी चालू ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात. माझी पसंती क्लँगडीला आहे, पण त्याची एक अट असते. तुमची प्रत्येक फाइल कुठल्या फ्लॅगनी कंपाइल होते, कुठले हेडर फोल्डर लागतात, हे त्याला सांगावं लागतं. बिल्ड करायला सीमेक असेल तर कंपाइल कमांड्स निर्यात करण्याचा पर्याय चालू केला की फाइल तयार मिळते. जुनी मेकफाइल असेल तर लिनक्सवर 'बेअर' नावाचं साधन मेकच्या आधी लावून एक बिल्ड करा. वीस फाइलींच्या कामाला एवढाही खटाटोप नको असेल तर कंपाइल फ्लॅग्जची एक साधी टेक्स्ट फाइल, दर ओळीला एक फ्लॅग, मुख्य फोल्डरमध्ये ठेवा. हे न करता क्लँगडी चालू केलंत तर तो अंदाजानं काम करतो, हेडर सापडत नाहीत, फाइलभर लाल रेघा येतात, आणि एफ १२ दाबलं तर कधी व्याख्येवर, कधी नुसत्या डिक्लेरेशनवर नेतो.

इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या डब्याच्या) बोर्डवरचा कोड असेल तर आणखी एक अडचण. क्रॉस कंपायलर (दुसऱ्या चिपसाठी कोड बनवणारा) वापरत असाल तर त्याचे स्वतःचे हेडर क्लँगडीला दिसत नाहीत. क्वेरी-ड्रायव्हर पर्यायात त्या कंपायलरचा पत्ता द्यावा लागतो. ८०५१ ही जुनी चिप आणि तिच्यासाठी काइल कंपायलरचं सी असेल तर मी क्लँगडीच्या नादी लागत नाही. एसबिट, एक्सडेटा, फंक्शनच्या नावापुढे इंटरप्ट १, हे सी मध्ये नसलेले शब्द त्याला पचत नाहीत आणि पहिल्याच हेडरपासून तो अडखळतो. तिथं सीटॅग्ज बरं. न कळणारे शब्द वगळायला सांगायची सोय त्यात आहे, आणि ज्या ओळी समजत नाहीत त्या सोडून तो पुढे जातो. चार जीबी रॅमच्या जुन्या मशिनवरही माझं उत्तर हेच. सर्व्हर इंडेक्स करत असताना एडिटर अडकत बसण्यापेक्षा साधी यादी परवडली.

एका फाइलच्या आत फिरायला व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. फंक्शनांची यादी उघडते, दोन-तीन अक्षरं टाका, एंटर. त्याच खिडकीत : टाकलं की फंक्शन, व्हेरिएबल, स्ट्रक्चर अशी वर्गवारी होते. कंट्रोल-टी ने साऱ्या प्रोजेक्टमधली नावं. आणि स्टिकी स्क्रोल चालू आहे का बघा: लांबलचक फंक्शनच्या मध्ये असलात तरी त्याचं नाव वर चिकटून राहतं. आठ हजार ओळींच्या फाइलमध्ये 'मी आहे कुठे' हा प्रश्न त्यानं पुष्कळ कमी होतो. बाकीच्यांसाठी एका ओळीत: सब्लाइममध्ये हीच यादी कंट्रोल-आर, नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू मेन्यूतली फंक्शन लिस्ट, ईमॅक्समध्ये आयमेनू.

इथवर सगळं 'हे कुठे लिहिलंय' या प्रश्नाचं झालं. दुसऱ्याचा कोड हातात आल्यावर खरा कस लागतो तो उलट्या प्रश्नाला: याला बोलावतं कोण? व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-एफ १२ ने सगळे वापर दिसतात, शिफ्ट-ऑल्ट-एच ने बोलावणाऱ्यांची उतरंड. साध्या टॅग फाइलला हे येत नाही, तिच्यात व्याख्यांचीच नोंद असते. व्हिममध्ये त्यासाठी सीस्कोप. बेल लॅब्जमधलं जुनं साधन आहे, २००० साली खुलं झालं, आणि सी साठी अजूनही उत्तम चालतं. निओव्हिमनं (व्हिमच्याच एका नव्या शाखेनं) ०.९ पासून सीस्कोप काढून टाकलाय, साध्या व्हिममध्ये आहे.

पण काट्याच्या कोडमध्ये ही साधनं तुम्हाला दोन ठिकाणी हमखास रिकाम्या हातानं परत पाठवतील, आणि तिथंच नवा माणूस चुकीचं अनुमान काढतो.

पहिलं ठिकाण इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरनं चालू काम थांबवून दिलेली हाक. इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर अक्षर आलं की जे फंक्शन चालतं, त्याला कोडमध्ये कुणीच बोलावत नाही. बोलावणारा हार्डवेअर. उतरंड मागितलीत तर शून्य उत्तर येईल, आणि 'वापरात नाही' म्हणून ते काढून टाकलंत तर काट्यावर वजन दिसायचं बंद. अशा फंक्शनाची दुसरी बाजू शोधा: ते कुठल्या बफरमध्ये लिहितं? त्या बफरच्या नावावर सगळे वापर मागा. वाचणारं फंक्शन तिथं सापडतं आणि तुटलेला धागा जुळतो.

दुसरं ठिकाण फंक्शन पॉइंटरचा, म्हणजे फंक्शनांच्या पत्त्यांचा, तक्ता. अशा प्रोग्रामात बहुधा अवस्था ठरलेल्या असतात: काटा रिकामा, गाडी चढली, वजन स्थिर झालं, नोंद, पावती. प्रत्येक अवस्थेचं एक फंक्शन, सगळ्यांचे पत्ते एका ॲरेत, आणि मुख्य लूपमध्ये एकच ओळ, जी चालू अवस्थेच्या क्रमांकावरचं फंक्शन चालवते. त्या ओळीवर एफ १२ दाबलंत तर ॲरेच्या व्याख्येवर पोचाल, पुढे रस्ता नाही. कोणतं फंक्शन चालेल हे प्रोग्राम चालू असतानाच ठरतं, कुठलाही एडिटर ते कोड बघून सांगू शकत नाही. म्हणून इथं उलटं जा. अवस्था बदलणारं व्हेरिएबल पकडा आणि त्याला किंमत कुठे कुठे दिली जाते तेवढंच बघा. सीस्कोपच्या नव्या आवृत्तीत 'या नावाला किंमत कुठे दिलीय' हा प्रश्न वेगळा विचारता येतो. आलेल्या जागा कागदावर उतरवल्या की कुठल्या अवस्थेतून कुठे जातं, याचा पूर्ण नकाशा होतो. आठ हजार ओळी वरून खाली वाचण्यापेक्षा हा कागद दहापट उपयोगाचा, आणि तो तुमच्या आधीच्या माणसाच्या डोक्यात होता, फाइलमध्ये नव्हता.

आता आपल्या भागातली खास अडचण. सीमाभागातल्या कोडमध्ये नावं मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. लिहिणारे बदलत गेले की एकाच फाइलमध्ये 'वजन_घे', 'तूक_चेक' (तूक म्हणजे कन्नडमध्ये वजन) आणि 'गेट_वेट' शेजारी शेजारी नांदतात. 'गाडी_आली' हे भरलेल्या वजनाच्या वेळचं आणि 'लारी_बंतु' (कन्नडमध्ये तेच, लॉरी आली) हे रिकाम्या वजनाच्या वेळचं, असाही प्रकार बघितलाय. त्यात रोमन लिपीत लिहिताना वजन कुणी एका स्पेलिंगनं लिहितो, कुणी दुसऱ्या. कंट्रोल-टी मध्ये तुम्ही 'वजन' शोधाल आणि निम्मा कोड दिसणारच नाही, कारण तो कन्नडमध्ये आहे. नावावर विसंबणारी सगळी साधनं इथं लंगडी पडतात. मग शोध नावाचा न घेता वस्तूचा घ्या. वजन शेवटी ज्या स्ट्रक्चरच्या ज्या फील्डमध्ये जाऊन बसतं, त्या फील्डचे सगळे वापर मागा. वाचणारा मराठीत विचार करत असो वा कन्नडमध्ये, त्याला हात तिथंच घालावा लागतो. नंतर निवांतपणे, सर्व्हर बरोबर चालत असेल तर एफ २ ने नावं बदलून एका रीतीत आणा: आधी विभाग, मग काम. 'काटा_वाच', 'काटा_शून्य_कर', 'पावती_छाप'. पुढे 'काटा' एवढं टाकलं की त्या विभागाचं सगळं समोर येतं. कुठली भाषा निवडायची ते तुमच्या टीमवर सोडतो. माझ्या मते इंग्रजी बरी, कारण पुढचा माणूस धारवाडचा असेल की कोल्हापूरचा, हे कुणाला ठाऊक. पण निवडाल ती एकच निवडा.

कीबोर्डबद्दलही सांगून ठेवतो, यात बरेच जण फसतात. टिप्पणी मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहायला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लेआउट चालू केला आणि तसंच एस्केप दाबून बाहेर आलात, तर व्हिमला आज्ञेच्या जागी देवनागरी अक्षरं मिळतात. जे दाबाल ते चालत नाही आणि माणसाला वाटतं व्हिम अडकलं. लेआउट परत इंग्रजीवर आणा, सगळं ठीक होतं. व्हिमचा स्वतःचा कीमॅप पर्याय वापरला तर हा त्रास टळतो, कारण तो मजकूर लिहितानाच लागू होतो आणि आज्ञांच्या वेळी आपोआप बाजूला राहतो. मजकूर लिहीत असतानाच तो चालू-बंद करायला कंट्रोल-^. जुन्या टिप्पण्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये लिहिलेल्या असतील तर त्या आता कचऱ्यासारख्या दिसतील. त्या शोधाच्या कामाच्या नाहीत, पण पुसूही नका. वाचता येणारा एखादा जुना माणूस अजून मशिनवर भेटू शकतो.

ट्री-सिटरबद्दल विचाराल म्हणून थोडक्यात. फाइल टाइप होत असतानाच तिची व्याकरणाची झाडासारखी रचना सांभाळणारं हे साधन. निओव्हिममध्ये ०.५ पासून, म्हणजे २०२१ पासून, आलंय. कंस कुठल्या रकान्यात आहे याची त्याला फिकीर नाही, अर्धवट लिहिलेल्या कोडवरही चालतं, आणि कंपाइल फ्लॅग काही लागत नाहीत. 'पुढचं फंक्शन', 'हे पूर्ण फंक्शन निवड' यासाठी फार चांगलं. पण दुसऱ्या फाइलमधलं नाव म्हणजे नेमकं कोण, हे त्याला कळत नाही. तुमच्या केबिनमध्ये निओव्हिम नाही, तेव्हा सध्या सोडून द्या.

राहिली ती आठ-नऊ हजार ओळींची फाइल. तिच्यात एखादं फंक्शन सहाशे ओळींचं असणारच, आणि त्याच्या आत फिरायला वरचं काहीच फारसं कामाला येत नाही. उडी मारायला मध्ये फंक्शनच नाही. ते फोडावं लागेल. हंगाम संपू द्या, काटा थंडावू द्या, मग हात घाला. सिरियल, अवस्था, पावती, शून्य करणं अशा वेगळ्या फाइली करा. कोडचा इतिहास गिटमध्ये ठेवत असाल तर फंक्शनं हलवायचा कमिट (बदलाची नोंद) वेगळा ठेवा, त्यात एक अक्षरही बदलू नका, आणि सुधारणा पुढच्या कमिटमध्ये. म्हणजे गिट ब्लेमला मोठ्या सी चा पर्याय दिला की दुसऱ्या फाइलमधून आलेल्या ओळींचा मूळ लेखक अजूनही दिसेल. हलवण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या फंक्शनचा इतिहास मात्र एकदा काढून बघा: गिट लॉगला मोठ्या एल चा पर्याय देऊन :फंक्शनचं नाव:फाइलचं नाव असं लिहिलं, की फक्त त्याच फंक्शनमध्ये केव्हा काय बदललं तेवढंच येतं. स्थिर वजनासाठी थांबायचा वेळ कुणीतरी एका हंगामाच्या मध्येच वाढवलेला असेल, तर तो कमिट तिथं सापडेल, आणि तो आकडा बदलायच्या आधी काट्यावरच्या माणसाला फोन करून कारण विचारा.